साधं खरचटलंसुद्धा नाही

सायकलवाल्या मिस्त्रींनी आजवर नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली होती, पण हा बाप म्हणजे कहर होता. आठ वर्षांच्या लेकीच्या कोऱ्या सायकलला त्याने आधाराची दोन चाकं, दोन आरसे, पुढेमागे दिवे आणि ट्रकला शोभेल असा हॉर्न बसवून घेतला. तेवढ्यानेही त्याचं समाधान होईना.

"मिस्त्री, ब्रेक आणखी दोन लावता येतील का?"

"लावतो की. पण मग ती जागची हलायची नाही, साहेब."

बापाने यावरही जरा विचार केला.

नाकापर्यंत हेल्मेट आलेली पोरगी तोवर टायर कुरवाळत बसली होती. "काका, याला केस का आहेत?"

"नव्या टायरला असे रबराचे केस असतातच, बाळा. चार दिवस रस्त्यावर दामटलीस की झडून जातील."

वर्षभराने बापलेक पुन्हा दुकानात हजर. पोरगी उंच झाली होती, म्हणून सीट वर घ्यायची होती. बापाची छाती मात्र नुसती फुगली होती.

"वर्ष झालं मिस्त्री, पण एकदाही पडली नाही! पडायचं सोडा, साधं खरचटलंसुद्धा नाही!"

मिस्त्रींनी कौतुकाने मान हलवली, सायकल उलटी केली आणि सवयीने टायरवरून हात फिरवला.


टायरचा एकही केस झडला नव्हता.