दार लोटून घे

नवरा अंथरुणाला खिळला तेव्हा त्याला कुशीवर कसं वळवायचं, अंगाखालची चादर कशी बदलायची, हे ती ठेचा खात शिकली. तळहाताच्या फोडासारखा जपलेला मुलगा मदतीला आला की म्हणायची, "तू जा रे बाळा, तुला नाही बघवणार. जाताना दार लोटून घे."

आता त्याच पलंगावर ती होती. अर्धं अंग लुळं, वाचा गेलेली, पाठीखाली ओली चादर. मुलगा कोरडी चादर घेऊन नुसताच उभा. आईला कुठे धरावं, हेच त्याला कळेना.

"आधी खांदा धर, मग कंबर," ती डोळ्यांनी जीव तोडून सांगत राहिली.

त्याला वाटलं, आई नेहमीसारखं 'जा' म्हणतेय.

त्याने डोळे पुसले, आणि जाताना दार हळूच लोटून घेतलं.