किमान तीन माणसं

"सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही," यज्ञेश्वर म्हणाले आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली. ऐकायला दोघंच होती, पण त्यांना तेवढी पुरत.

खराडीतल्या कंपनीच्या सहाव्या मजल्यावर साडेतीन वाजले होते. टेबलावर दोन पानी अहवाल होता. खाली यज्ञेश्वरांची सही झालेली. शेजारची जागा स्पृहासाठी मोकळी. चारला तो चौकशी समितीकडे जायचा होता. त्यात लिहिलं होतं, की निनावी तक्रारींच्या सिस्टीममधून आम्रपालीचं नाव फुटलेलं नाही. स्पृहाची सही झाली, की कामावरून काढलेल्या आम्रपालीचा नाव फुटल्याचा अर्ज निकालात. ती सकाळपासून खाली रिसेप्शनच्या सोफ्यावर बसून होती. तिला वर सोडायचं नाही, असं सांगून ठेवलेलं होतं.

"नाव फुटूच शकत नाही, याची चार हजार ओळींची सिद्धता," यज्ञेश्वर म्हणाले. "माणसाने नाही, मशीनने तपासलेली. आम्रपालीच्या गटातली तिघं घ्या. तक्रार करणारी निशा धरा. आता तिला काढून सार्थक ठेवा. त्याला काढून आम्रपाली ठेवा. त्यांचे वरिष्ठ विक्रमसाहेब, त्यांच्या स्क्रीनवर काय दिसतं? गटाचं नाव आणि मजकूर. एक ठिपका हलत नाही. अहो, महिन्याभराने तक्रार करणाऱ्यालाच आठवत नाही, तक्रार आपण केली होती का शेजारच्याने!"

आमोद हसला. सरांच्या प्रत्येक वाक्याला हसायची त्याला सवय होती.

"मग साहेबांना कळलं कसं?" स्पृहाने विचारलं.

"तीच तर मजा. साहेबांविरुद्ध पहिली तक्रार आली, तसे ते माझ्याकडे आले. कोणी केली? म्हटलं, ब्रह्मदेवाला विचारा, त्यालाही सांगता यायचं नाही. मग एका सोमवारी त्याच गटातून दुसरी आली. साहेबांनी सरळ लोणी काळभोरहून पाणाड्या बोलावला."

"पाणाड्या?"

"बोअर कुठे मारायची ते सांगतो तो. तळहातावर नारळ आडवा धरून रानातून चालायचं. खाली पाणी असलं, की नारळ उभा राहतो. हिंमतराव नाव. डोक्याला पटका, पायात काही नाही. गेटवर वॉचमन विचारतो, लॅपटॉप आहे का? तो म्हणतो, नारळ हाय."

आमोदच्या नाकातोंडातून कॉफी आली.

"आला इथे. एसीत कुडकुडतोय. पण हात स्थिर. निशाच्या टेबलाशी नारळ आडवाच. सार्थकच्या टेबलाशी आडवा. आम्रपालीच्या टेबलाशी आला आणि असा ताडकन उभा राहिला! पोरीचं तोंड बघायला हवं होतंत. रडायलाच लागली. मला म्हणते, सर, नाव कळणार नाही असं तुम्हीच सांगितलं होतंत. म्हटलं, बाई, हमी सिस्टीमची दिली होती, नारळाची नाही."

आमोदने टेबलावर थाप मारली. यज्ञेश्वरांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि पेन स्पृहापुढे सरकवलं.

"तेव्हा करून टाका सही, स्पृहाबाई. आपली सिद्धता शाबूत आहे. तुमचं कन्फर्मेशनही याच आठवड्यात आहे ना? मीच लिहिणार आहे."

स्पृहाने पेन घेतलं. दुसरं पान उलटलं. तळाशी बारीक अक्षरात अट होती: गटात किमान तीन माणसं असतील, तरच ही सिद्धता लागू. पुढे चौकट होती: तक्रारीच्या दिवशी गटात माणसं किती? चौकटीत यज्ञेश्वरांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, तीन.

दुसरी सही करणाऱ्याने पहिल्याच्या आकड्यावर विसंबायचं नाही, स्वतः मोजायचं, हा या विभागाचा रिवाज होता. तो यज्ञेश्वरांनीच घालून दिला होता. स्पृहाने लॅपटॉप ओढला आणि गटाची नोंद उघडली.

"अगं, सही करताना कसली शोधाशोध?" आमोद म्हणाला. "दहा मिनिटं राहिलीत."

ती वाचत राहिली. मग तिने पेनाला टोपण लावलं.

"सर, तो नारळ निशाच्या टेबलाशी नेलाच कशाला?"

"म्हणजे?"

"दुसऱ्या तक्रारीच्या आदल्या शुक्रवारी तुमच्याच सहीने निशा आणि सार्थक दोघंही वारज्याच्या ऑफिसला बदलून गेले. सोमवारी त्या गटात आम्रपाली एकटीच होती."