उजवीकडं घे

"सांगून कुणाला पटणार नाही," नाशिकच्या आरटीओत रंगनाथआप्पांनी सुरुवात केली, तशी परदेशात गाडी चालवायचा परवाना काढायला आलेली पोरं जवळ सरकली. मुलाचा मुदत संपलेला परवाना त्यांनी खिशातून काढला. "हा असून भागत नाही. तिकडं गाडी उजवीकडून चालवतात. भाड्याची गाडी आमचा अमोल चालवत होता, मी शेजारी. वळणावर समोर डोंगराएवढा ट्रक! मी ओरडलो, 'उजवीकडं घे!' बापाचा शब्द त्यानं कधी मोडला नाही. ट्रकनं नुसती आरशावरची धूळ पुसली, अन् ड्रायव्हरनं सलाम ठोकला!" पोरं हसली. "लय भारी, आप्पा! अमोलदादा आता कुठं असतो?" आप्पा परवान्यावरचा फोटो अंगठ्यानं पुसू लागले. त्या दिवशी मागच्या सीटवर बसलेली, आता कोऱ्या कपाळाची सून त्यांना न्यायला आली होती. "आप्पा," ती म्हणाली, "तुम्ही 'डावीकडं' ओरडला होतात."