पाठमोरा गोल

आकारामतात्या मैदानाकडं पाठ करून बसले. पायऱ्यांवरची बाकीची माणसं आपापल्या लेकी-नातींच्या नावानं घसा फोडत होती, आणि हे भिंतीकडं तोंड करून, टोपी सावरत, नुसत्या कानांनी फुटबॉलची मॅच बघत होते.

कारण पक्कं होतं. तात्यांनी मॅच बघितली, की नातीची टीम हरते. सकाळी राजारामपुरीतनं रिक्षानं येताना तेजस्वीनं वाद घालून बघितला होता.

"आज्जा, तू न्हवतास तवाबी आम्ही हरलोय की! कागलला हरलो, गारगोटीला हरलो."

"त्ये माझ्या ध्यानात न्हाय."

"आणि तू आलास तवा जिंकलो, त्ये?"

"त्येबी न्हाय. हरल्याली मॅच मातूर ह्या डोळ्यांनी बघितलीया."

झालं! तेजस्वीनं कपाळावर हात मारून घेतला.

पण आत तात्यांचा जीव नुसता तुटत होता. तेजस्वीनं अजून एकही गोल मारला नव्हता, आणि तिचा पहिला गोल बघायचा एवढी एकच हौस म्हाताऱ्याला होती. बघावं तर गोल होणार नाही, आणि न बघता झाला तर त्याचा काय उपयोग? अशा कात्रीत तात्या सापडले होते.

मॅच संपत आली आणि एकदम गलका उठला. "तेजस्वी! तेजस्वी!" तात्या मान वळवू का नको, वळवू का नको, करेपर्यंत सगळ्या पायऱ्या उठून नाचायला लागल्या. शेजारच्यानं पाठीत धपाटा घातला.

"पावणं, गोल तिकडं झाला की! भिंतीत काय बघताय?"

तात्या वळले. मातीत पालथी पडलेली तेजस्वी उठून तोंड पुसत होती आणि बाकीच्या पोरी तिच्या अंगावर पडत होत्या. टीम जिंकली. तात्यांच्या डोळ्यांना धार लागली.

बाहेर चहाच्या गाडीवर तात्यांनी सांगितलं, "डाव्या पायानं हाणला बघा." रिक्षावाल्याला सांगताना चेंडू गोलकीपरच्या बोटांना चाटून गेला. घरात बायकोपुढं बसेपर्यंत चेंडूनं हवेत झकास वळण घेतलं होतं, आणि मारायच्या आधी पोरीनं वर आज्जाकडं बघितलंसुद्धा होतं. खोटं बोलताना नवऱ्याची नजर खाली जाते, हे तानाबाईला लग्नापासून ठाऊक. आज नजर सरळ होती.

"तुम्ही सोता बघितलासा?"

"तर! ह्या डोळ्यांनी."

तानाबाईनं नातीला विचारलं, "व्हय गं? असाच मारलास?"

तेजस्वी गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसली होती. तिनं आज्जाच्या फुललेल्या तोंडाकडं बघितलं आणि हसू दाबलं.

"वर बघितलं त्ये खरं. आज्जाची टोपी दिसली. मग मी डोळं मिटलं आणि दिला ठेवून. गोल मला कुठं दिसतोय? मी मातीत पडल्याली."

तिनं बादली ओढत आज्जाच्या पायापाशी आणली.

"आज्जा, परत सांग की. पहिल्यापासनं सांग."

तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, नातीकडं तोंड करून नीट बसले, आणि सांगायला लागले.