नेटपाशी सासू

फेब्रोनिया नाम्यालो ही आफ्रिकेने पाहिलेली सर्वांत थोर बॅडमिंटनपटू आहे, याबद्दल कंपालात दुमत नाही. आत्ता ती नेटपाशी उभी राहून, प्रतिस्पर्ध्यांकडे पाठ करून, आपल्या जोडीदाराला झापत होती. शटल तिच्या पाठीत येऊन आदळलं. गुण गेला.

"न्याबो, अहो बाईसाहेब, पुढे बघा," कोच वास्वा बाकावरून म्हणाले. "मागे सेंपिजाच आहे. पळून नाही जात तो."

"तो काय दिवे लावतोय ते बघायला नको?"

वास्वांनी वहीत गेलेला गुण मांडला. या प्रश्नाची उत्तरं देऊन ते म्हातारे झाले होते.

एकेरीत फेब्रोनियाने जिंकायचं काही शिल्लक ठेवलं नव्हतं. मग गुडघे कुरकुरले आणि ती मिश्र दुहेरीत आली. मिश्र दुहेरीत बाई पुढे, पुरुष मागे, आणि बाईने वळून बघायचं नाही, एवढंच शास्त्र आहे. फेब्रोनिया प्रत्येक फटक्याला वळायची. सेंपिजा कुठे उभा आहे आणि तिथे उभं राहायला त्याला कोणी सांगितलं, हे तिला त्याच क्षणी हवं असायचं. त्यामुळे आफ्रिकेचं दुहेरीचं सुवर्णपदक दर खेपेला अंतिम सामन्यात दुसऱ्याच कुणाच्या तरी गळ्यात पडायचं. यंदाची स्पर्धा कंपालातच होती. पुढच्या वर्षी संघात तिला जागा नाही, हे तिला अत्यंत गोड शब्दांत कळवण्यात आलं होतं.

स्पर्धा महिन्यावर आली असताना एका रविवारी, चर्चमधली मिसा आटोपून, सेंगा पेलाजिया घरी आली. सेंगा म्हणजे मुलीची आत्या. आमच्याकडे मुलीच्या लग्नाचं बोलणं तिच्याच तोंडून येतं, आणि ते जेवण झाल्यावरच येतं. पेलाजियाने मटोके, म्हणजे उकडून कुस्करलेली केळी, पुन्हा वाढून घेतले, शेंगदाण्याच्या कालवणाला नावं ठेवली, हात धुतले आणि सांगितलं की फेब्रोनियाच्या मुलीसाठी, मिरेंबेसाठी, एका मुलाने शब्द टाकलाय. मुलगा सेंपिजा.

फेब्रोनियाने कुळाची चौकशी केली. कूळ वेगळं होतं, पेलाजियाने पाहिलं होतं. मिरेंबे चटईवर मान खाली घालून बसली होती. पोरगी इतकी शालीन बसू शकते हे आईला आजच कळत होतं.

"शब्द टाकला की जावई झाला," पेलाजिया म्हणाली. "आता त्याला शिवायचं नाही, वहिनी. तोंडाकडेसुद्धा बघायचं नाही. हाताला कंप सुटतो. आमच्या थोरल्या काकूने जावयाच्या हातून पाण्याचा पेला घेतला. मरेपर्यंत दुसरा पेला धरता आला नाही तिला."

फेब्रोनियाने विज्ञानाची पदवी घेतली होती. कंपावर तिचा विश्वास नव्हता. पण हात उजवा होता.

स्पर्धा होईपर्यंत हा शब्द बाजूला ठेवता येईल का, असं तिने विचारून पाहिलं. पेलाजिया म्हणाली की शब्द म्हणजे काही भांडं नव्हे, जोडीदार बदल. जोडीदार बदलायची मुदत केव्हाच संपली होती.

सोमवारपासून सेंपिजा हॉलच्या मागच्या दाराने येऊ लागला. फेब्रोनिया नेटकडे तोंड करून उभी राहायची ती सराव संपेपर्यंत. काही सांगायचंच झालं तर वास्वांमार्फत. त्यातही अडचण अशी की ज्याला काल-परवापर्यंत ती गाढवा म्हणायची, त्याला आता अहो-जाहो करावं लागे. 'त्यांना म्हणावं, जरा डावीकडे सरकायची कृपा करा' असं पूर्ण होईपर्यंत शटल जमिनीवर पडलेलं असे. आठवड्याभरात तिने सांगणंच सोडून दिलं. वास्वा सरावात शीळ घालू लागले.

अंतिम सामना नायजेरियाच्या जोडीशी होता. हॉल खचाखच भरला होता. शटल डोक्यावरून मागे गेलं की फेब्रोनियाची मान सवयीने वळायला बघे, मग तिला काकूचा पेला आठवे आणि मान जागेवर येई. मागे काय चाललंय ते तिला फक्त कानांनी कळत होतं, आणि आवाज बरा येत होता. समोर मात्र तिला आयुष्यात पहिल्यांदाच सगळं दिसत होतं. नायजेरियाची मुलगी डाव्या बाजूला कच्ची होती. फेब्रोनियाने शटल तिथेच टाकायला सुरुवात केली ती थांबवलीच नाही.

शेवटचा गुण मिळाला तेव्हा सेंपिजा दोन्ही हात पसरून धावत आला. फेब्रोनिया पंचांच्या उंच खुर्चीमागे पळाली. पदक घेताना दोघांच्या मध्ये वास्वांना उभं करण्यात आलं. विजेत्या जोडीत बेबनाव असल्याची बातमी दुसऱ्या दिवशी छापून आली.

फेब्रोनिया मात्र खुशीत होती. तिने मांडववाल्याला बोलावलं, समारंभाचा झगा, गोमेसी, शिवायला टाकली आणि लग्नाच्या बोलण्यांची तारीख धरायला पेलाजियाला निरोप धाडला. पेलाजिया आली ती मिरेंबेला आणि वास्वांना घेऊन.

"आई, मांडव नको सांगूस," मिरेंबे म्हणाली.

"का? एवढा गुणी मुलगा आहे. मागे उभा असतो, पण कळतसुद्धा नाही."

पेलाजियाने वास्वांकडे पाहिलं. वास्वांनी खिडकीबाहेर पाहिलं. शेवटी तेच बोलले, आणि फेब्रोनियाने वळून बघू नये म्हणून सगळ्यांनी मिळून रचलेला बेत त्यांनी मोजक्या शब्दांत सांगितला.

सेंपिजाचं लग्न तर तीन वर्षांपूर्वीच, सराव नसलेल्या एका रविवारी, मसाकाला झालं होतं. त्यासाठी त्याने मागितलेली सुट्टी फेब्रोनियाने, कारण न विचारता, नाकारली होती.