बिनजोडीची कुस्ती

भैयाजी पंचांनी भोंग्यातून तो शब्द दोनदा उच्चारला, "बॅटल रॉयल", आणि आखाड्याभोवतीचे लोक एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले.

"म्हंजे काय जी?" कोणीतरी विचारलं.

"नागपूरले पाहून आलो मी. सगळे पहिलवान एकाच वेळी मातीत. कोणीबी कोणाले धरा, रेघेबाहेर फेका. शेवटी जो उरन, चांदीचं कडं त्याचं. याले जोड लागत नाई."

शेवटचं वाक्य ऐकताच कवडू उठून उभा राहिला. हिंगणीच्या बौद्धपुऱ्यातला हा गडी तीन वर्षं कुस्त्यांच्या दर दंगलीत लंगोट कसून बसायचा आणि दर वेळी पंच सांगायचे, "तुले जोड नाई भेटत, गड्या." त्याच्या वजनाचे पाच-सहा जण तर समोरच बसलेले असत. त्यांना त्याच्या अंगाला अंग लावायचं नसे.

"मी उतरू न जी?"

भैयाजी अडखळले. नियम त्यांच्याच तोंडून सगळ्यांनी ऐकला होता. "उतर," ते म्हणाले.

आठ जण उतरले. शिट्टी वाजली. कवडू समोरच्यावर धावला. तो बाजूला सरून दुसऱ्याशी भिडला. कवडू वळला, तर तिकडचे दोघे झोंबताझोंबताच लांब सरकले. धुरळा उठला, एकेक जण चुन्याच्या रेघेबाहेर पडू लागला. कवडू हात पुढे करून या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता धावत होता. एकाचा दंड कसाबसा त्याच्या हाती आला, तर तो गडी हिसका देऊन आपणहूनच रेघेबाहेर गेला.

शेवटी दोघे उरले. कवडू आणि वासुदेवराव पाटलाचा चंद्रभान.

कवडूनं वाकून मूठभर माती घेतली आणि कुस्तीआधीच्या रीतीप्रमाणे त्याच्या खांद्यावर टाकायला हात पुढे केला. चंद्रभाननं त्या मुठीकडे पाहिलं. मग गर्दीत खुर्चीवर बसलेल्या बापाकडे पाहिलं. आणि सावकाश चालत रेघेबाहेर गेला.

"कवडू हिंगणीवाला जिंकला," भोंगा बोलला. मागून कुठूनतरी चार-दोन टाळ्या पडल्या. भैयाजी कडं घेऊन आले. कवडू जागचा हलला नाही.

"घे न बाबू. पुढची कुस्ती लावाची हाये."

"कोणाले हरवलं जी मी?"

"शेवटी उरला तो जिंकला. नियमच तसा हाये."

कवडूनं कड्याकडे पाहिलंही नाही. मूठ तशीच पुढे धरून तो रेघेपर्यंत गेला.

"चंद्रभानभाऊ, माती हातातच राह्यली. ये न आत."

चंद्रभान सदरा घालत होता. एक हात बाहीत गेला होता. दुसरा बाहेरच थांबला.