हिरवा म्हणजे काय

भागीरथाबाईंचा फोन आला तेव्हा आरमोरीच्या ऑफिसात रस्त्यांचं ॲप बनवणारी मंडळी चहा घेत होती. बाई नाल्यापलीकडच्या गावच्या आशा सेविका. गावातल्या दिव्यानीला कळा सुरू झाल्या होत्या, दवाखान्यात न्यायला ऑटो दारात उभा होता, आणि ॲपच्या नकाशात नाल्यावरचा रपटा, म्हणजे पावसात पाण्याखाली जाणारा बुटका पूल, हिरवा दिसत होता.

"मंग निंगू का नाई, मॅडम?" त्यांनी विचारलं.

नूतन कुलदीप, डोमा आणि रिना या तिघांची प्रमुख. तिने फोन कानाला लावूनच कुलदीपला खुणेनं विचारलं. तो म्हणाला, हिरवा म्हणजे आजची पाण्याची नोंद आली, एवढंच. डोमा म्हणाला, छे, हिरवा म्हणजे ट्रॅक्टर जातो. ऑटोचं काही सांगता येत नाही. रिनाने कप खाली ठेवला. तिने तो रंग दिला होता अँब्युलन्स जाते असं समजून.

तिघंही हुशार, कामाला वाघ. आणि पाच महिने एका खोलीत बसून त्यांनी तीन ॲप बनवली होती. घ्या!

नूतनला राग आला, तोही आधी स्वतःचाच. हे पहिल्या दिवशी तिनेच विचारायला हवं होतं. बाईंना तिने थांबायला सांगितलं, फोन चालू ठेवायला सांगितलं, आणि तिघांकडे वळली.

"हे ॲप आपण कोनासाठी बनवून राह्यलो?"

रिना म्हणाली, "दिव्यानीसाठी."

"मंग हिरवा म्हणजे दिव्यानी ऑटोत बसून सुखरूप जाते. दुसरं काई नाई."

गावसभेत ठराव होतो तसं तिने प्रत्येकाला ते आपापल्या तोंडाने म्हणायला लावलं. डोमाला दोनदा म्हणावं लागलं. पहिल्यांदा मध्ये ट्रॅक्टर आला.

तासाभरापूर्वीच्या नोंदीत रपट्यावर गुडघाभर पाणी होतं. काय बदलायचं ते आता सगळ्यांना ठाऊक होतं. कुलदीपला दोन मिनिटं लागली.

"बाई, आता पाहा," नूतन म्हणाली.

"लाल झाला."

मोठ्या पुलावरून या, फेरा पडेल पण या, असं सगळं नूतनच्या ओठांवर तयार होतं. ते सांगायची वेळच आली नाही. बाईंनी पुढे काही विचारलंच नाही. त्या ऑटोवाल्याशी बोलत होत्या.

"पुलाकडून घे, भाऊ."